मला एकदा उन्हाळ्यात न्या

९ जानेवारी १९६१, सोमवार

“मला एकदा उन्हाळ्यात न्या.”

मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी सासूबाई मामंजींना असं म्हणाल्या होत्या. मी चुलीपाशी होते. मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. “यवतमाळात राहून उन्हाळ्यात न्या म्हणते! अगं, उन्हाळाच येतो की आपल्याकडे, चांगला चार महिने मुक्कामाला!”

तेव्हापासून हा आमच्या घरचा विनोद. पाहुणा पाण्याचं भांडं खाली ठेवतो न ठेवतो तोच त्याला सांगायचा. मामंजी गेले, विनोद यांच्याकडे आला. आज तर यांनी तो डॉक्टरांना सांगितला! सासूबाईंचे गुडघे तपासायचे सोडून डॉक्टर हसत बसले. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

हसून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, शेकाशिवाय इलाज नाही. पैनगंगेकडे गंधकाच्या ऊन पाण्याचा झरा आहे, आठवडाभर तिथं राहून पाण्यात बसवा. नाहीतर पाय असेच आखडत जातील.

घरी येताना हे म्हणाले, “जाऊन येऊ. गुण आला तर आला. नाही तर नागपूरचं बघावं लागेल.”

नागपूरचं म्हणजे धाकटे भाऊजी. त्यांचं घर तळमजल्यावर आहे. आमचं माडीवर, आणि मोरी, संडास सगळं खाली. दिवाळीपासून सासूबाईंना खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. एका बाजूला हे, एका बाजूला मी. माझ्या पाठीचं कोणी विचारत नाही! तरी ‘नागपूरचं’ मला नको होतं. मूलबाळ नसलेल्या या घरात आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींवर चिडत आलो. त्या गेल्यावर मी चिडू कोणावर?

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत झाली. सगळ्या गावाने सगळ्या गावाला गोड बोल म्हणून सांगून झालं. आमच्या घरी आज सकाळपासून कोणी कोणाशी धड बोललेलं नाही.

सासूबाईंची एक रीत आहे. काहीही विचारा – पहिलं उत्तर ‘नको’. दुसऱ्यांदा विचारा – ‘कशाला?’ तिसऱ्यांदा विचारलं की गप्प. गप्प म्हणजे हो. मला हे कळायला पाच वर्षं लागली. यांना अजून कळलेलं नाही. आई ‘नको’ म्हणाली की हे चपला घालतात आणि कचेरीत जातात.

“आई, ऊनपाण्याला जायचंय.” “नको.” “गुडघ्यांसाठी.” “कशाला?” “बुधवारी निघू?” – गप्प. झालं!

त्यांची ट्रंक मी भरणार होते. हे म्हणाले, मी भरतो. यांनी जन्मात रुमालाची घडी केलेली नाही. मला कामातून तेवढंच सुटल्यासारखं वाटलं, मी अडवलं नाही. मासिकाला द्यायची गोष्ट घेऊन बसले. चार ओळी झाल्या. मग यांनी विचारलं, सुतळी कुठे आहे? मग कात्री कुठे आहे? मग विचारलं, तू काय करते आहेस?

१८ जानेवारी, बुधवार

पोचलो. कसे ते पोचवणाऱ्यालाच माहीत.

पांढरकवड्यापर्यंत मोटार. सासूबाईंना आत चढवताना कंडक्टर म्हणाला, “हळू माय, हळू,” आणि स्वतः मात्र घाई करत होता. मोटार सुटली तसा यांनी शेजारच्या कापसाच्या दलालाला विनोद सांगितला. तो दलाल इतका हसला की मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगावा लागला. मी खिडकीबाहेर बघत होते. सासूबाईही बघत होत्या. आम्ही दोघींनी मिळून सगळा रस्ता पाहिला.

पांढरकवड्याला उतरल्यावर हे उगाचच नागपूरच्या मोटारींची चौकशी करून आले. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, “असावी माहिती.”

पुढे उकंडाची दमणी, दोन बैलांची. उकंडा तिथलाच, ऊनपाण्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांना नेतो-आणतो. त्याने सासूबाईंना गवतावर बसवलं, पाठीशी पोतं लावलं, आणि यांना म्हणाला, “गुडघ्यापायी बुढीले एवढी आनली व्हय साहेब? बिब्बा लावला असता तं बात खतम!” यांनी त्याला गंधकाचे गुण समजावून सांगायला सुरुवात केली. उकंडा बैलांना म्हणाला, “आयकून राह्यले ना रे? साहेब तुमाले सांगून राह्यले.” मला इतकं हसू आलं! पहिल्यांदाच आज.

धर्मशाळेच्या दोन खोल्या. एकीत आम्ही. उतरताच वास आला – कोठे तरी नासकं अंडं फुटल्यासारखा. हे म्हणाले, “गंधक!” जसं काही यांनीच सोबत आणलं आहे.

१९ जानेवारी, गुरुवार

जागा मात्र सुंदर आहे. चिडलेली असूनही हे लिहिलं पाहिजे.

महादेवाच्या देवळामागे दगडी कुंड आहे. थंडीत सकाळी त्यातून अशी वाफ निघते की देऊळ कमरेपर्यंत दिसतच नाही. कुंडातलं पाणी कडेवरून ओसंडून खाली नदीकडे उतरतं, आणि उतरता उतरता दगडावर पांढरा थर धरतं. थरावर थर, थरावर थर – कोणी न बांधलेल्या पायऱ्या झाल्या आहेत. दुधावरच्या सायीसारखी त्यांची कड. प्रत्येक पायरीत वीतभर पाणी साचलेलं, वरच्या पायरीत कढत, खाली खाली जाल तसं निवत गेलेलं. सर्वांत खालची पायरी नदीला लागते, तिथे पोरं आणि म्हशी.

वरच्या कुंडाच्या कडेला सासूबाईंना नेलं. मी एका हाताला, हे दुसऱ्या. त्या बसल्या. हात पाण्यात घातला. हात नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. म्हणाल्या, “वास तोच.”

“कसला तोच?” हे म्हणाले.

त्यांनी हात पदराला पुसला. मग म्हणाल्या, “चला. खोलीत जाऊ.”

“अगं, न्हायचंय ना!”

“नको.”

मी दुसऱ्यांदा विचारलं. कशाला, म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं आणि त्या गप्प राहण्याची वाट पाहिली. त्या म्हणाल्या, “नको म्हणून सांगितलं ना!”

असं कधी झालं नव्हतं.

२० जानेवारी, शुक्रवार

काल दिवसभर आणि आज दिवसभर तेच. न्हाणार नाही.

हे म्हणाले, तिथे कातडीच्या नाना रोगांचे लोक न्हातात म्हणून आईला किळस येत असेल. बरं. बादलीतून पाणी खोलीत आणलं. नको! हे म्हणाले, खोलीत थंडी आहे. कांबळं टांगून आडोसा केला. नको! हे म्हणाले, पाय तरी बुडव. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले, लहान मुलीसारखे.

आणि अंघोळ तर रोज हवीच! मग काय – विहिरीचं गार पाणी आणा, चुलीवर ठेवा, धुरात डोळे चोळा. ऊनपाण्याच्या गावात येऊन मी लाकडं फुंकून पाणी तापवते आहे. दारातून एक बाई बघत होती. ठसठशीत, कानात चांदीच्या बाळ्या, एक हात गळ्यात बांधलेला. ती कमरेवर दुसरा हात ठेवून म्हणाली, “अवो बाई! अल्लानं एवढं तापवून ठेवलं, थे कमी पडलं का तुमाले?”

ही हुस्नाबी. शेजारच्या खोलीत असते. दारव्ह्याची. खांदा धरला म्हणून दरवर्षी इथं येते, एकटी. नवरा मोटारी दुरुस्त करतो. “मोटारीले गिरीस लावते, मले नाही लावत!” ती वरच्या कुंडाकडे जात नाही, मधल्या एका पांढऱ्या पायरीत खांद्यापर्यंत आडवी पडते. “वर देवाचं पानी, खाली आमचं. पानी तं एकच हाय, आपलं उतरते खाली.”

सासूबाईंना ती आवडली. मला कळतं. त्या तिच्याकडे बघून ‘नको’ म्हणत नव्हत्या.

२१ जानेवारी, शनिवार

हे गेले. रजा संपली. जाताना उकंडासमोरच आवाज चढला. “एवढा खर्च, एवढा त्रास – आणि ही बाई पाण्याला शिवत नाही! मी गुरुवारी येतो, सव्वीस जानेवारीची सुट्टी आहे. तोवर न्हाली तर ठीक.”

“आणि नाही तर?” मी विचारलं.

हे दमणीत चढले. “पांढरकवड्याहून नागपूरची मोटार थेट आहे.”

मी परत खोलीत आले आणि सासूबाईंची ट्रंक उघडली. आठवड्यापुरती चार लुगडी असायला हवी होती. होतं काय? सगळी लुगडी. सुती, रेशमी, मामंजींच्या शालीसह. तळाशी लाल कापडात गुंडाळलेला देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. यांनी सुतळी मागितली ती यासाठी!

मी कापड सोडून पाहिलं. सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, “पुन्हा नीट गुंडाळून ठेव. पितळेला इथं डाग पडतात.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“ट्रंक उचलली तेव्हाच कळलं. चार लुगड्यांना दोन हमाल लागत नाहीत गो.”

म्हणजे हा माणूस आईला न विचारता, मला न विचारता! आणि ही आई सगळं ठाऊक असून पाण्यात पाय घालत नाही! कोणाला आधी शब्द ऐकवू तेच कळेना. चूल पेटवली.

२२ जानेवारी, रविवार

न्हाल्या नाहीत.

२३ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

दुपारी ओसरीवर मी तांदूळ निवडत होते. हुस्नाबी खांदा उन्हात धरून बसली होती. सासूबाई भिंतीला टेकून. हुस्नाबीने सहज विचारलं, “बुढ्या माय, तुमचं माहेर कुठचं वो?”

“कोकणात. राजापुराच्या खाली.”

“थे तं लय दूर. काय हाय तिकडं?”

सासूबाई भिंतीपासून सरळ झाल्या. मग म्हणाल्या, “समुद्र आहे. नारळ आहेत. आणि उन्हाळं आहे.”

“उन्हाया तं आमच्याइथं बी हाय!” हुस्नाबी हसली. “पाह्यजे तेवढा घेऊन जा!”

“तो न्हवे गो. उन्हाळं. असंच,” आणि त्यांनी कुंडाकडे बोट केलं. “जमिनीतून कढत पाणी येतं ना, त्याला आमच्यात उन्हाळं म्हणतात. आमच्या घरापासून हाकेवर. सगळ्या बायका उन्हाळ्यात न्हायला जायच्या.”

माझ्या हातातलं सूप खाली गेलं. तांदूळ ओसरीभर.

उन्हाळ्यात! उन्हाळ्यात न्या! मे महिन्यात नव्हे – झऱ्यावर न्या! माहेरच्या झऱ्यावर! शब्द तोच, रूप तेच, आणि इतकी वर्षं सगळं घर हसत होतं. यांचं घराणंही मूळचं कोकणातलंच. पण तीन पिढ्या वऱ्हाडात गेल्या आणि आडनाव तेवढं उरलं, शब्द गेला. मला तर काय, मी कळंबची. माझा उन्हाळा एकच. होळीनंतर येतो आणि अंगाची काहिली करतो.

आणि मग आठवलं – एका वर्षी मामंजींनी हट्टाने त्यांना चिखलदऱ्याला नेलं होतं. “घे, नेली तुला उन्हाळ्यात!” तिथे पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं, पाणी कुठे आहे? त्यांना तलाव दाखवला. त्यांनी बोट बुडवलं आणि म्हणाल्या, “हे गार आहे.” यावरही सगळे हसले होते. मी हसले होते की नाही ते आठवत नाही. हसलेच असेन.

“आई, तुम्ही सांगितलं का नाही? आम्ही सगळे भलतंच समजत होतो!”

“भलतं काय?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. ऋतू, यवतमाळची गरमी, विनोद, सगळं. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. त्या ऐकत होत्या. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं!

“मला वाटलं,” त्या म्हणाल्या, “हसतात म्हणजे नाही म्हणतात. मी न्या म्हटलं, ते हसले. पुन्हा म्हटलं, पुन्हा हसले. घरची रीत असेल म्हटलं. मग मुलगाही हसायला लागला, तेव्हा विचारायचं सोडलं.”

हुस्नाबी एका हाताने तांदूळ गोळा करत होती. म्हणाली, “या अल्ला, अन् म्या बी हासली!”

२४ जानेवारी, मंगळवार

ही गोष्ट कळल्यावर हे काय करतील? मला पक्कं ठाऊक आहे – विनोदाला आता दुसरा भाग जोडतील.

सकाळीच मी ठरवून टाकलं. सासूबाईंना म्हटलं, “आई, आपण दोघी जाऊ. तुमच्या उन्हाळ्यात. मुंबईपर्यंत गाडी, पुढे बोट. मी बघते सगळं.”

“नको.”

“मी यांना विचारणारसुद्धा नाही.”

“कशाला?”

“तुम्ही मागितलं होतं म्हणून.”

आता गप्प राहतील, म्हणजे हो. पण नाही. त्या म्हणाल्या, “तिथं ओतायला कोण आहे आता?”

“काय ओतायला?”

मग हळूहळू सांगितलं. त्यांच्या घरात एक चाल होती. सासरी गेलेली मुलगी उन्हाळ्यावर न्हायला आली की तिने आपण होऊन पाण्यात उतरायचं नाही. माहेरच्या माणसाने पहिला तांब्या तिच्या डोक्यावर ओतायचा – माहेरच्या नावाने हाक मारून. मग खुशाल उतर, दिवसभर डुंब. त्यांची आई म्हणायची, मुलीचं नाव बदलतं, कुंकू बदलतं, पाण्याला कसं कळणार ही आपलीच? म्हणून नाव घ्यायचं.

“मी एकदाच माहेरपणाला गेले. तेव्हा आई तापाने पडलेली. म्हणाली, पुढच्या खेपेला ओतते हां.” सासूबाईंनी पदर सारखा केला. “पुढची खेप कुठली यायला! मग आई गेली. मग भाऊ. पुतण्या मुंबईस असतो, त्यानं मला पाहिलेलं नाही.”

“पण आई, ती तिकडची चाल. हे पाणी इकडचं.”

“जमिनीच्या पोटात कोकण नि वऱ्हाड असतं होय? वास तोच आहे.”

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणजे एका तांब्यासाठी! गुडघे आखडू द्यायचे, ट्रंक भरू द्यायची, नागपूरच्या मोटारीत बसायचं – कोणी एक तांब्या ओतला नाही म्हणून! मी म्हटलंसुद्धा तसं, आवाज चढवून. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुला नाही कळायचं. तू कळंबची, माहेर तुझं दारात.”

दारात! आईबाप जाऊन दहा वर्षं झाली माझे. तिथे मला कोण हाक मारतं? पण हे मी बोलले नाही.

थोड्या वेळाने विचारलं, “तुमचं माहेरचं नाव काय होतं?”

यांच्या तोंडून, मामंजींच्या तोंडून, पत्रांवर, सगळीकडे ‘अन्नपूर्णा’च. ते लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. त्याआधीचं कोणालाच ठाऊक नाही. यांनाही नाही. या पृथ्वीवर आता ते नाव एका माणसाला ठाऊक आहे आणि ते माणूस मला म्हणालं –

“नको. ते तिकडंच राहिलं.”

२५ जानेवारी, बुधवार

माझी चांदीची जोडवी काळी पडली आहेत. गंधकाने. राखेने घासली, तशीच.

मी आज पहिल्यांदा न्हाले. आठवडा झाला येऊन आणि सासूबाईंच्या मागे लागता लागता मीच कोरडी! हुस्नाबीने ओढून नेलं तिच्या पांढऱ्या पायरीत. पाणी इतकं मऊ होतं की रडू आलं. वाफेत कोणाला दिसत नाही, ते बरं.

हुस्नाबीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माहेर का आभायातून पडते बाई? माह्यं कोनी राह्यलं नाही. म्या या उकंड्याले भाऊ मानलं. दर साली चोळी देते मले, अन् वरून बोलते बी – ‘बाई, लय खर्च होऊन राह्यला तुह्या!’ भाऊ असाच बोलते ना?”

मी हसले. मग हसू थांबलं.

सून माहेरची होते का? नाही होत. कोणाला विचारा. सून म्हणजेच तर सासर. मी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतणारी नव्हे, त्यांना खुर्चीतून उतरवणारी. आणि काय म्हणून मी? आम्ही पुरणात जायफळ की वेलदोडा यावर आयुष्य घालवलं आहे. त्यांनी माझी एकही गोष्ट वाचलेली नाही. “मेलं ते सगळं खोटं असतं ना? मग कशाला वाचायचं?”

तरी संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा विचारलं. “आई, नाव काय होतं?”

“कशाला? नावाचं काय लोणचं घालायचंय?”

पहिल्यांदा नको. दुसऱ्यांदा कशाला. राहिलं तिसरं. आता गप्प राहतील आणि गप्प म्हणजे हो – पण गप्प राहून कोणी नाव कसं सांगणार! या बाईने मला असं बरोबर कोंडीत पकडलं आहे. नाहीतर हसतील. आमच्या घरात हसणं म्हणजे काय ते आता मला ठाऊक झालं आहे.

ट्रंकेला मी हात लावलेला नाही. उद्या दुपारी हे येतील.

२६ जानेवारी, गुरुवार

सकाळ. वाफ अजून उतरलेली नाही. सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, “एकदा बघून घेते,” म्हणून हुस्नाबीने आणि मी त्यांना आणून कुंडाच्या कडेला बसवलं आहे. हुस्नाबी काही न सांगता खाली निघून गेली. वही माझ्या मांडीवर आहे, तांब्या भरून शेजारी ठेवला आहे. त्यांनी तो पाहिला आणि मान फिरवली. त्या नाहीच म्हणणार. तरी हे लिहून झालं की वही मिटणार आहे आणि तिसऱ्यांदा विचारणार आहे –

आई, तुमचं माहेरचं नाव सांगा. मला तुम्हाला एकदा हाक मारू द्या.